मधोमध धोंडिबा

माझ्या नातवाच्या नावात मी मधोमध आहे, आणि तेवढ्यासाठी मला एकदा मरावं लागलं.

(फार वेळ नाही. अर्धा तास. पण माणसं जमली होती चांगली!)

मी धोंडिबा. वरवंडला हायवेपासून थोडा आत माझा शेवंती-झेंडूचा मळा आहे. माझ्याआधीचे दोन भाऊ जगले नाहीत, म्हणून मला कोणाची दृष्ट लागू नये यासाठी आईनं हे दगडाचं नाव ठेवलं. युक्ती लागू पडली. उभ्या जन्मात माझ्यावर कोणी जळलं नाही. जळायचं सगळं काम माझ्याकडेच राहिलं! शेजारच्या मळ्यातली शेवंती आठ दिवस आधी फुलली की मला जेवण जात नाही. भांडगावच्या नानाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, बैलाचं कोणी कौतुक केलं की मी बैलाशी अबोला धरतो. (बैलाला फरक पडत नाही.)

मला एकच मुलगी, संगीता. शाळेत ती संगीता धोंडिबा होती. प्रगतिपुस्तकावर, वहीवर, बारावीच्या मार्कशीटवर, सगळीकडे मी मधोमध. लग्न झालं आणि मधला धोंडिबा गेला, तिथं नवऱ्याचं नाव आलं. सगळ्यांच्याच मुलींचं असं होतं, मला माहीत आहे. पण ज्याला मुलगा नाही त्याचं नाव मग कुठंच उरत नाही, हे मला थेट मांडवात, अक्षता पडत असताना कळलं. मी ढसाढसा रडलो. लोक म्हणाले, बापाचं काळीज! काळीज होतंच. पण निम्मं रडू नावाचं होतं.

जावई कुमरन. कारेगावजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि संगीता त्याच कारखान्याच्या ऑफिसात. दोघांनी आपसात ठरवलं आणि आम्हाला कळवलं. मुलगा तमिळ. गावाच्या हिशेबी सोलापूरच्या खाली सगळं मद्रास, त्यामुळे तो ‘मद्रासी जावई’ झाला. पोरगा गुणी होता. कारखान्यात बसून मराठी शिकला, मळ्यात आला की न सांगता चप्पल काढून वाफ्यात उतरायचा. मला त्याचाही हेवा वाटला असता, पण जावयाचा हेवा करणं बरं दिसत नाही म्हणून आवरला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून संगीता आमच्याकडे आली आणि दौंडच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पोराचं नाव पाच मिनिटांत ठरलं. अरविंद. त्यांच्यातही चालतं, आपल्यातही चालतं, सगळे खूश. मग संगीतानं जन्मनोंदीचा कागद पुढे केला. त्यावर तीन रकाने होते. नाव, मधले नाव, आडनाव.

“आबा, आमच्याकडे आडनाव नसते,” कुमरन म्हणाला.

“नसतं म्हंजी? मग गावात वळखत्यात कसं?”

“मी एम. कुमरन. एम म्हणजे वडिलांचे नाव, मुरुगेसन. बस, तेवढेच.”

“मग आडनावाच्या जागी काय लिवायचं?”

“तिथे माझे नाव लिहा. अरविंद कुमरन.”

“आन् मधी?”

“मधे काही नको.”

“मधी काय न्हाई असं चालत न्हाई दौंडला,” मी म्हणालो. खरंतर दौंडला काय चालतं ते मला माहीत नव्हतं. पण ती रिकामी जागा बघून मला राहवेना! आपल्याकडे मधली जागा बापाची. जन्माला यायच्या आधीच भरलेली असते. आणि इथं बाप आपण होऊन शेवटी जाऊन उभा राहिलेला, मधे मोकळं रान!

“मग आजोबांचे नाव घालू,” कुमरन म्हणाला. “आमच्याकडे नातवाला आजोबांचे नाव देतात. अप्पाही फोनवर तेच सांगत होते की...”

पुढे तो काहीतरी बोलत होता. पण अप्पा म्हणजे त्याचे वडील, आणि ते फोनवर काय सांगणार हे मला न ऐकताच कळलं. मी उठून मोटर चालू करायला गेलो. लाइट नव्हती. तरी अर्धा तास मोटरपाशी उभा राहिलो.

आठ दिवसांनी मद्रासच्या गाडीनं व्याही दौंड स्टेशनात उतरले. विहीणबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून एकटेच. लग्नात गडबडीत मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, आणि डोक्यावर केस माझ्या दुप्पट! पांढरीशुभ्र लुंगी, कपाळावर भस्म, आवाज एकदम हळू. मला म्हणाले, “आबा सार, नमस्ते.” मला जन्मात कोणी सार, म्हणजे सर, म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला.

पुढचा आठवडा माझ्या घरात मी सोडून सगळ्यांचा छान गेला. पोर माझ्याकडे आलं की भोकाड पसरायचं. व्याह्यांच्या खांद्यावर टाकलं की दोन मिनिटांत गप्प.

“बघा, कसं निजलं इवायांकडं!” आमची शांता म्हणाली. शांता म्हणजे माझी बायको, नावापुरती शांत.

“झोप आली असंल त्याला.”

“तुमच्याकडं गेल्यावर बरी उडती झोप!”

“तो माणूस कायतरी गाणं म्हणतोय कानात. त्यानं गुंगी येती.”

“मग तुमीबी म्हणा की.”

मी म्हटलं. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. आमचं कुत्रं तर व्याह्यांच्या पायाशीच बसून असायचं. मी दहा वर्षं भाकरी घातलेलं कुत्रं! एके दिवशी व्याह्यांनी रसम केलं, शांतानं दोन वाट्या पिऊन तिसरी मागितली. ती मराठीत विचारायची, ते तमिळमध्ये सांगायचे, आणि दोघांना सगळं कळायचं. माझं मराठी तिला मराठीतही कळत नाही. हेही मी सोसलं असतं. पण मग ते एका संध्याकाळी मळ्यात फेरी मारून आले आणि दुसऱ्या दिवशी शेवंती उमलली. माझी शेवंती! पंधरा दिवस मी तिच्यापुढे हात जोडून उभा होतो, तेव्हा हलली नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं. कुत्रं घ्या, बायको घ्या, शेवंती घ्या. मधली जागा देणार नाही.

बारसं पाच दिवसांवर आलं होतं. जन्मनोंदीचा कागद दौंडला द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि संगीतानं बजावलं होतं, “आबा, सध्या नुसतं विचारून या काय काय कागद लागतात. मधलं नाव आपण बारशाला सगळे बसून ठरवू.” मी मान डोलावली. एस.टी. वरवंडच्या पुढे गेली आणि मी गुडघ्यावर कागद ठेवून मधल्या रकान्यात लिहून टाकलं, धोंडिबा. रस्त्यात खड्डे होते, तरी अक्षर असं आलं की काय सांगू!

कारकुनानं कागद पाहिला. “वडिलांचं नाव धोंडिबा?”

“न्हाई. वडलांचं कुमरन. धोंडिबा आजा. म्हंजी मी.”

“मग मधी आज्याचं नाव कसं?”

“जावई मद्रासी हाय. त्यांच्यात आज्याचंच नाव देत्यात,” मी सांगितलं. (व्याह्यांचा रिवाज, मी त्यांच्याच विरुद्ध वापरला! मला स्वतःचा अभिमान वाटला.) कारकुनानं शिक्का मारला.

एवढ्यावर थांबलो असतो तर मेलो नसतो. पण शिक्का बसल्यावर माणसाला जोर येतो. मी शेजारच्या छापखान्यात शिरलो. घरी असं ठरलं होतं की बारशाला चार घरी तोंडी निरोप द्यायचा. पण तोंडी निरोपात मधलं नाव कुठं येतं? मी पत्रिका छापायला सांगितल्या.

“नाव ठळक करा,” मी म्हणालो. “चिरंजीव अरविंद धोंडिबा कुमरन. त्यातबी मधलं जास्त ठळक.”

“एवढं मोठं केल्यावर खाली जागा उरत न्हाई, आबा. निमंत्रक कोण टाकायचं?”

“जागा न्हाई तर राहू दे निमंत्रक.”

“बिगर निमंत्रकाची पत्रिका?”

“पत्ता हाय की! लोकांना घर ठावं हाय.”

पत्रिका मी घरी नेल्याच नाहीत. दौंडच्या स्टँडवरूनच वाटल्या. न्हावऱ्याच्या आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, एस.टी.च्या ड्रायव्हरकडून. भांडगावच्या नानाला फुलांच्या टेम्पोवाल्याकडून. शिरूरकडच्या बाकी पाव्हण्यांना आक्काच्या गठ्ठ्यातून. बारशाच्या दिवशी सगळे धोंडिबा, धोंडिबा करत येतील, मग भरल्या मांडवात व्याही काय बोलणार? असा बेत होता. आणि धोंडिबा कोण ते मद्रासच्या माणसालाही कळावं म्हणून, शेवंतीला पहिला नंबर मिळाला तेव्हाचा माझा मोठा फोटो मी बारशाच्या सकाळी ट्रंकेतून काढून ओटीवर, दारासमोरच्या भिंतीला लावला. मग घर सजवायला घेतलं. घरची फुलं, हात कशाला आखडता घ्यायचा? पाळण्याला शेवंती, दाराला झेंडू, उरलेल्या माळा दिसेल त्या खिळ्याला. एक खिळा माझ्या फोटोचा होता. घाईत माळ त्याच्यावरून गेली. मी आंघोळीला गेलो.

डोक्यावर पहिला तांब्या घेतला आणि बाहेर हंबरडा ऐकू आला.

“कोन गेलं गं?” मी मोरीतून ओरडलो. हंबरडा वाढला. एकाचे चार आवाज झाले. गावात कोणीतरी आजचाच दिवस धरून गेलं म्हणायचं! मी चरफडलो. नेमका माझ्या बारशाला! पण मयतीला तोंड दाखवायलाच पाहिजे, म्हणून बनियन चढवलं, ओल्या डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि मागच्या दारानं वळसा घालून पुढे आलो.

आमच्याच अंगणात पुरुषमाणसं खाली मान घालून बसली होती. बायका आत. कडेला नाना बसला होता, ज्याच्या बैलाशी माझं बोलणं नाही तो. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी रिवाजाप्रमाणे त्याच्या शेजारी टेकलो आणि हळूच विचारलं, “कोन गेलं?”

“आपला धोंडिबा,” नाना मान वर न करता म्हणाला.

“कोनचा धोंडिबा?”

“फुलवाला. संगीचा बाप.”

मी टॉवेलच्या आत गार पडलो. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं असेलही! मोरीत पाय घसरला असेल, आपल्याला कळलं नसेल. मी हळूच मांडीला चिमटा काढला. दुखलं.

“अरारा! कवा?” मी विचारलं.

“कवा ते काय कळवलं न्हाई. नातवाला आज्याचं नाव ठिवल्याची पत्रिका आली, तवा समजलं. जित्या माणसाचं नाव कोन ठिवतं पोराला? आन् पत्रिकेत खाली निमंत्रक म्हनून त्याचं नाव बी न्हाई. आता मयताच्या घरी फोन करून, ‘व्हय वो, गेलं का खरंच?’ असं इचारायचं का? आलो निघून.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे आजा गेल्यावरच त्याचं नाव पोराला ठेवतात, हे मला रांगायला लागल्यापासून माहीत आहे. मी स्वतः अशा दोन बारशांना जेवलोय! पण मुरुगेसन, मुरुगेसन असा डोक्यात भुंगा लागला होता, त्यात आपला रिवाज पार धुऊन गेला. आणि तरीसुद्धा, आपण काढलेलं मरण मिटवायचं सोडून मी काय केलं? गेलेला माणूस कसा होता ते विचारलं!

“मानूस कसा व्हता वो?”

“चांगला व्हता,” नाना म्हणाला. “अडीनडीला यायचा. फुलातला जानकार व्हता.” मी टॉवेल कानावरून जरा वर केला. “फकस्त दुसऱ्याचं बरं झाल्यालं त्याला बघवायचं न्हाई. माझ्या बैलावर सुद्धा जळायचा बिचारा.”

“काय सांगतो, नान्या!” मी ताडकन उठलो. टॉवेल सुटला.

नाना मोतीबिंदूतून वर बघत राहिला. बाकीच्यांना मोतीबिंदू नव्हता. एकजण ओट्यावरून मागे पडला. गोंगाट ऐकून आक्का दारात आली, मला पाहिलं, आणि इतका वेळ जे माझ्या नावानं रडत होती ते सोडून माझ्या अंगावर धावली.

“मुडद्या, जित्ता हायस व्हय! न्हावऱ्यापासनं रडत आली मी! एस.टी. थांबवली कंडक्टरनं माझ्यासाठी! आन् फोटोला हार कुणी घातला रं?”

“मीच घातला, आक्का.”

“सोताच्या हातानं?”

आतलं चित्र तर बघवत नव्हतं. रिवाज म्हणून बायकांनी कडू घास आणला होता. ज्या घरात मयत झालं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पाव्हणे पिठलं-भाकरी घेऊन येतात, तो. पिठल्याचं पातेलं पाळण्याखाली ठेवलेलं, शेजारी व्याह्यांनी पहाटे उठून केलेलं पायसम. शांता कोपऱ्यात बसलेली. आल्या-आल्या चार जणींनी गळ्यात पडून रडायला सुरुवात केल्यावर तिला बोलायला फट मिळाली नव्हती. संगीता पोराला घेऊन बाजेवर थिजलेली. आणि पाळण्यापाशी व्याही हात जोडून उभे, डोळ्यांना पंचा लावून रडत होते!

“अप्पा, तुम्ही का रडताय?” बारशासाठी कारेगावहून तेवढ्यात पोचलेल्या कुमरननं विचारलं.

“इधर का सिस्टम है ना,” व्याही मला हळूच म्हणाले. “बारसा में पहले सब रोते हैं. मैं भी रोया, आबा सार. ठीक किया ना?”

आक्कानं पदरातून पत्रिका काढून संगीताच्या हातात आपटली. संगीतानं ती मोठ्यानं वाचली. मधलं नाव ठळक असल्यामुळे तिचा आवाजही तिथं वाढला. मग ती माझ्याकडे वळली.

“आबा, बारशाला सगळे मिळून ठरवायचं होतं ना?”

“कागद बी दिलाय,” मी म्हणालो. आता मेलोच आहे तर सगळंच सांगून टाकावं असं वाटलं. “शिक्का बसला.”

कुमरननं त्याच्या वडिलांना तमिळमध्ये सगळं समजावून सांगितलं. त्याला फार वेळ लागला, कारण तो मधेच हसत होता. व्याही पंचा खाली घेऊन माझ्याकडे आले. मी मान खाली घातली. साठ वर्षांचा माणूस, नातवाच्या नावात चोरून शिरला!

“आबा सार,” ते म्हणाले, “मैं पहले दिन फोन में बोला, बीच में आपका नाम रखो.”

“मेरा?”

“आपका. मेरा नाम का दो पोता है घर में. बड़ा बेटा का दो लड़का, दोनों मुरुगेसन. एक को बुलाया तो दो आता है, और मैं भी उठके जाता है. तीसरा किसको होना?”

कुमरन म्हणाला, “आबा, त्या दिवशी मी तेच सांगत होतो. तुम्ही मोटर चालू करायला गेलात.”

ज्या माणसावर मी बारा दिवस कुत्र्यासकट जळलो, त्यानं मी मागायच्या आधीच मला मधोमध बसवलं होतं. मी तेच चोरून घेतलं, आणि वर त्यासाठी जीव दिला! मी व्याह्यांचे हात धरले. सॉरी म्हणायचं होतं, पण रडू आलं. मला रडताना बघून, बारशाचा रिवाज अजून संपलेला नाही असं वाटून, व्याहीही पुन्हा रडले.

मग बारसं झालं. आक्कानं आधी पाळण्यातल्या धोंडिबाची दृष्ट काढली, मग माझी. पाव्हण्यांनी कडू घासाचं पिठलं खाल्लं आणि वर पायसम प्यायले. नाना म्हणाला, एवढं गोड सुतक आपण आजवर बघितलं न्हाई.

पुढे संगीताची सुट्टी संपली, ती कामावर जायला लागली आणि अरविंद दोन वर्षं आमच्याकडेच वाढला. मला वाटलं, जिंकलो. पण आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, त्यानंतर पस्तीस वर्षं शांतानं मला कधी ‘अवो’च्या पुढे हाक मारलेली नाही. मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. तिला ‘अरविंद’ काही जिभेवर बसेना. ती पोराला मधल्या नावानं हाक मारायला लागली.

“धोंडू! माझा धोंडू! कुठं गेलं माझं धोंडू?”

इतक्या लाडानं, इतकं गोड, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मळ्यातून खुरपं टाकून धावत घरात आलो.

“काय गं, हाक मारलीस?”

“तुमाला न्हाई वो,” शांता पोराचा मुका घेत म्हणाली. “तुमी जावा.”